कॅरमबोर्डावरच्या सुंदराबाई

रविवारच्या सकाळी घोडपदेवच्या त्या चाळीत कॅरम बंद होता. तिथे काहीतरी जगावेगळं चाललंय हे ओळखायला एवढं पुरे होतं. मंडळाच्या खोलीतला कॅरम सहसा कशानेच बंद पडत नाही. चाळीत मयत झाली तरी दोन तास दारं ओढून घेतात, आणि मग आतून हळूच स्ट्रायकरचा आवाज सुरू होतो. पण हल्ली दर रविवारी त्या खोलीसमोर रांग लागायची. ती जिना चढून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जायची आणि तिथे लोकांच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये गुंतायची. रांगेत बायका होत्या, म्हातारे होते, रात्रपाळी करून तसेच आलेले होते. एक जोडपं तर थेट फणसवाडीहून बस बदलत आलं होतं. काम सगळ्यांचं एकच. मेलेल्या माणसाशी बोलायचं!

आत कॅरमबोर्ड स्टुलावर आडवा टाकून त्यावर निळं मखमली कापड अंथरलं होतं आणि कापडावर दोन काळ्या पेट्या ठेवल्या होत्या. आधी एकच पेटी होती, पण गर्दी आवरेना म्हणून दुसरी आली. डावी पेटी लेडीज, उजवी जेंट्स. म्हणजे बाईमाणूस गेलं असेल तर डावीकडे बसायचं, बाप्यामाणूस गेलं असेल तर उजवीकडे. सार्वजनिक सोयीचा मुंबईकरांना भारी सोस, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पेट्यांच्या मागे सुशांत सर उभे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्रावर काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नव्हतं, पण ते लटकत होतं एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. दारात नोंदवही होती, तिच्यात आपलं आणि गेलेल्या माणसाचं नाव लिहून देणगी ठेवली की सर ते नाव पेटीत घालायचे.

"बाबा म्हणायचं नाही, सर म्हणा," सर दर दहा मिनिटांनी बजावत. "पाया पडू नका. नारळ आणू नका. चपला घालूनच या. इथे अंधश्रद्धेला थारा नाही. शाळेत काय शिकलात? ऊर्जा नष्ट होत नाही. बरोबर? मग माणसाचं बोलणं म्हणजे काय? ऊर्जाच! ती जाणार कुठे? हवेतच फिरत राहते. माझी पेटी ती पकडते, बस्स. रेडिओ नाही का स्टेशन पकडत? हे शुद्ध, चाचणी झालेलं क्वांटम विज्ञान आहे. कृपया मोबाइल बंद ठेवा."

"आवाज वेगळा का येतो म्हणतात सर?" रांग सांभाळणारा मंडळाचा अजित दर वेळी मुद्दाम विचारायचा. नव्या लोकांना उत्तर ऐकायला मिळावं, हा त्यामागचा हेतू.

"गाळून येतो ना! एवढ्या लांबून यायचं म्हणजे. पाण्याला फिल्टर लावला की चव बदलते की नाही? तसंच."

लोक माना डोलवायचे. फिल्टर सगळ्यांच्या घरी होता.

कमळाबाई नुकत्याच डाव्या पेटीसमोरून उठून आल्या होत्या. या शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या मालवणकडच्या, आणि कुठलीही गोष्ट अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी सांगणाऱ्या. "माझी सासू गो! माका 'तुम्ही' म्हणाली! जितेपणी 'गे सटवे'शिवाय कधी हाक मारूक नाय. वर जावन सुधारली बघ!" असं म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले.

रांगेत उभ्या असलेल्या रश्मीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तिच्या पुढ्यात तिचे पप्पा, म्हणजे शामराव, उभे होते. आणि शामरावांकडे पाहिलं की हसू आपोआप जिरत होतं.

आता शामराव कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पोस्टातून रिटायर झालेला हा गृहस्थ उभ्या आयुष्यात कुणा बाबाबुवापुढे वाकला नव्हता. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, भिंतभर पुस्तकं. दर जयंतीला चाळीच्या स्टेजवर शामरावांचा एक हुकमी कार्यक्रम असायचा, लिंबातून रक्त काढण्याचा. सुरीला आधीच जास्वंदीचं फूल चोळून ठेवायचं, लिंबू कापलं की लालभडक रस ठिबकतो. पोरं किंचाळायची, आणि मग शामराव फूल दाखवून सगळा उलगडा करायचे. तरुणपणी तर त्यांनी एका खऱ्याखुऱ्या लिंबूवाल्या बाबाला भर बाजारात गाठून म्हटलं होतं, "लिंबू तुझं, सुरी माझी. काढ रक्त!" बाबा त्या दिवशी जो गेला तो परत घोडपदेवला फिरकला नाही. ही गोष्ट चाळीत अजून सांगतात.

आणि हाच माणूस आज मखमलीवरच्या पेटीशी बोलायला रांगेत उभा होता! बाबा असता तर शामरावांनी त्याला उभा सोलला असता. पण इथे नारळ नव्हता, उदबत्ती नव्हती. इथे वायर होती, हिरवा दिवा होता, 'विज्ञान' हा शब्द होता. ज्या पुढच्या दाराला त्यांनी आयुष्यभर कुलूप घातलं होतं, तिथून कुणी आलंच नाही. चोर आला तो मागच्या दाराने, तोही ओळखपत्र लावून.

रश्मीला खरी काळजी निराळीच होती. पप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला होता. डॉक्टर मनवा म्हणाल्या होत्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची असेल तर आता थांबायचं नाही." ऑपरेशनची तारीख मिळाली, येता मंगळवार. पण मागच्या रविवारी शामराव पेटीशी बोलून आले आणि घरात पाऊल टाकताच म्हणाले, "मंगळवारचं कॅन्सल. सुंदराने सांगितलंय."

सुंदरा म्हणजे सुंदराबाई, रश्मीची आई. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"आईने काय सांगितलं, जरा नीट सांगा बरं," रश्मी म्हणाली होती.

"मी म्हटलं, डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. तर म्हणाली, घाई करू नका, मनाला विचारा, मग ठरवा. मी म्हटलं, मन नको म्हणतंय. तर म्हणाली, तुमच्या मनाला जे पटतं, तेच मलाही पटतं."

"पप्पा! तुम्ही लिंबू कापून दाखवता लोकांना, आणि..."

"ते वेगळं, हे वेगळं! हे यंत्र आहे. यंत्राला काय स्वार्थ? यंत्र खोटं बोलतं का कधी?" शामरावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता. चाळीच्या गॅलरीत बसून रोज दहा जणांना मोठ्याने पेपर वाचून दाखवणारा माणूस, आणि त्याला उलटसुलट कळेना!

म्हणून आज ती स्वतः आली होती. भांडायला नव्हे, ऐकायला.

शामरावांचा नंबर लागला. ते डाव्या पेटीसमोर बसले, शर्टाची कॉलर नीट केली. आई असताना त्यांनी कधी कॉलर नीट केली नव्हती, त्यावरून रोज बोलणी खायचे.

"सुंदरा, मी आलोय."

हिरवा दिवा लुकलुकला. पेटीतून गोड, एकसारखा बाईचा आवाज आला, "मी ऐकतेय. बोला ना."

"रश्मी पण आलीये. ती माझ्यावर चिडलीये."

दिवा पुन्हा लुकलुकला. मग, "तुमची फार आठवण येते."

"मलाही आठवण येते गं. घर खायला उठतं."

"रडू नका. मी इथे सुखात आहे."

शामराव रडायला लागले. मागे रांगेतून हुंदके आले. आणि रश्मीच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. अरे, ही तर आपली धंद्याची वाक्यं!

रश्मी लोअर परळला एका विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. तिथे गिऱ्हाइकांशी बोलायला एक यंत्र होतं, आणि त्या यंत्राने मराठीत काय बोलायचं ते रश्मी लिहायची. गिऱ्हाइकाच्या बोलण्यात 'उशीर' आला की 'आपली गैरसोय झाली, आम्ही दिलगीर आहोत.' 'पैसे' आले की 'आपली अडचण मी समजू शकते.' आणि काहीच कळलं नाही तर? तर समोरच्यालाच बोलतं करायचं, 'कृपया थोडं अधिक सांगाल का?' दिवसभर हजारो माणसं त्या यंत्राशी बोलत. निम्मी तर शेवटी 'थँक्यू मॅडम' म्हणत. मॅडम तिथे नसायचीच. मॅडम तेव्हा कँटीनमध्ये वडा-सांबार खात असायची.

'आठवण' म्हटलं की 'रडू नका.' सगळं आधीच भरून ठेवलेलं. आणि सासू 'तुम्ही' का म्हणाली, तेही तिला कळलं. कोण कुणाचं काय लागतं याचा पेटीला पत्ताच नव्हता, म्हणून ती सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणत होती. कुणाच्या बापाला राग यायला नको!

पण हे आता ओरडून सांगितलं तर? पप्पा म्हणतील, तुझं यंत्र वेगळं, हे यंत्र वेगळं. रांग म्हणेल, पोरीला आईची किंमत नाही. रश्मीने उजव्या पेटीकडे पाहिलं. त्या पेटीसमोरून एक गृहस्थ नुकतेच नाक पुसत उठले होते आणि जागा रिकामी होती. तिला एकदम सुचलं आणि स्वतःवरच खूश होऊन तिने पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पप्पा, गौतमकाकांशी नाही बोलायचं?"

गौतम म्हणजे शामरावांचा धाकटा भाऊ. सुंदराबाईंच्या आधी काही वर्षं गेला. पत्ते खेळताना दीर-वहिनी एकमेकांच्या जिवावर उठायची. 'भाऊजी, पान लपवलंत!' 'वहिनी, तुम्हीच मोजायला चुकलात!' चाळ गोळा व्हायची.

"गौतमशी?" शामरावांचा चेहरा खुलला. "बोलायला पाहिजे खरं."

"मग सर, असं करा ना," रश्मी गोड आवाजात म्हणाली. "डाव्या पेटीत आई आहेच. उजव्या पेटीत काकांना बोलवा. आणि दोन्ही पेट्या समोरासमोर ठेवा. आम्ही नाही बोलत. ती दोघं बोलू देत, आम्ही नुसते ऐकतो. किती दिवसांनी भेटतील!"

खोलीत कौतुकाची लाट आली. फक्त सुशांत सरांच्या कपाळावर घाम आला.

"नाही नाही नाही. तसं करता येत नाही. लहरी एकमेकांत गुंततात."

"गुंतू देत की! घरचीच आहेत," अजित म्हणाला. तो बिचारा भोळेपणाने बोलला.

"तांत्रिक बाब आहे, तुम्हाला नाही कळणार."

"ह्या काय ता?" कमळाबाई पुढे सरसावल्या. "जित्यांनी मेल्ल्यांशी बोललेला चलता, आणि मेल्ल्यांनी मेल्ल्यांशी नाय? वर तर दोघां एकत्रच आसतली मां?"

रांग हसली. सरही हसल्यासारखं करून म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू. चला, नेक्स्ट!"

रश्मी खाली वाकून पप्पांच्या कानाशी म्हणाली, "पप्पा, लिंबूवाल्याला तुम्ही काय म्हणाला होतात?"

शामरावांची बोटं मखमलीवरून फिरत होती. माणूस दुःखाने वाकला होता, पण कणा तोच होता. ते सावकाश उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही विज्ञान म्हणालात, म्हणून मी या खोलीत पाय ठेवला. विज्ञान म्हटलं की चाचणी आली. लिंबू तुमचं, सुरी आमची. ठेवा पेट्या समोरासमोर."

आता सर काय करणार? नाही म्हणावं तर विज्ञान बुडतं, हो म्हणावं तर सर बुडतात. ते विचार करेपर्यंत अजितने दोन्ही पेट्या उचलून तोंडाला तोंड लावून ठेवल्यासुद्धा. कॅरमबोर्डावर कुठली वस्तू कुठे ठेवायची, हा त्याच्या अधिकारातला विषय होता. सरांनी नाइलाजाने उजव्या पेटीत गौतमचं नाव घातलं.

"आई, गौतमकाका आलेत," रश्मी म्हणाली आणि मागे सरली.

डाव्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला. "मी ऐकतेय. बोला ना."

उजव्या पेटीचा दिवा लुकलुकला. जाड पुरुषी आवाज आला, "मी ऐकतोय. बोला ना."

रांगेतल्या लोकांनी श्वास रोखला. आता वहिनी दिराला पत्त्यांवरून सोडत नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"तुमची फार आठवण येते," सुंदराबाई म्हणाल्या.

"रडू नका. मी इथे सुखात आहे," गौतम म्हणाला.

"इथे म्हणजे खंय?" कमळाबाई कुजबुजल्या. "ती पण थंयच आसा मां?"

कुणीतरी त्यांना गप्प केलं. पेट्या आपल्या नादात होत्या.

"ऐकून बरं वाटलं. वेळेवर जेवत जा."

"माझी काळजी नको. तब्येतीला जपा, औषधं चुकवू नका."

"मेल्ल्याक औषध कित्याक?" आता कमळाबाईंचा आवाज कुजबुजीचा उरला नव्हता. मागे कुणीतरी फस्सकन हसलं. फणसवाडीच्या गृहस्थांनी तोंडावर रुमाल धरला. पण शामराव हसत नव्हते. ते पुढे वाकून ऐकत होते.

डावा दिवा लुकलुकला. त्याच गोड, एकसारख्या आवाजात सुंदराबाई आपल्या मेलेल्या दिराला म्हणाल्या, "घाई करू नका. मनाला विचारा, मग ठरवा."

शामरावांचा चेहरा पांढरा पडला.

"तुमच्या मनाला जे पटतं, तेच मलाही पटतं," गौतम म्हणाला.

"तुमच्या मनाला जे पटतं, तेच मलाही पटतं," सुंदराबाई म्हणाल्या.

"तुमच्या मनाला जे पटतं, तेच मलाही पटतं."

"तुमच्या मनाला जे पटतं, तेच मलाही पटतं."

आणि चाक तिथेच रुतलं! एक दिवा विझायचा, दुसरा लागायचा, तेच वाक्य या काठावरून त्या काठावर. जन्मभर एका पानावरून भांडणारी दीर-वहिनी, आणि आता एकमेकांचं पटवून घेता घेता थकत नव्हती. आधी एक बाई खिदळली, मग रांग, मग जिना, मग गॅलरी. खाली काय झालं ते कळलं नाही तरी गॅलरीतले लोक हसत होते, कारण जिन्यावरचे हसत होते.

"बंद कर रे तो बाजा!" कुणीतरी ओरडलं. अजितने मखमलीचं टोक धरून ओढलं. पेट्या उलटल्या आणि त्यांची झाकणं निघाली. आत एकेक मोबाइल आणि एकेक छोटा स्पीकर, बस्स. क्वांटम कुठे दिसलं नाही.

"दाब! वातावरणात दाब जास्त आहे आज!" सुशांत सर म्हणाले.

"दाब तुमच्यावर आहे, सर," अजित म्हणाला. इतके रविवार आपण याला फिल्टरचा प्रश्न विचारून मदत करत होतो, हे त्याला आता कळत होतं आणि त्याच्या कानशिलांची आग होत होती.

"रश्मी, ह्या झाला कसा ता सांग," कमळाबाई म्हणाल्या. "माझ्या सासूक त्याने कशी ओळखली?"

"ओळखलीच नाही, मावशी. तिचं नाव तुम्हीच दिलंत ना दारात? तेच सरांनी पेटीत घातलं. पेटीत काही वाक्यं आधीच भरलेली आहेत. आपल्या बोलण्यात ओळखीचा शब्द सापडला की त्या शब्दाचं वाक्य बाहेर येतं. आठवण म्हटलं की रडू नका. औषध, ऑपरेशन, लग्न, काहीही म्हटलं की घाई करू नका. मन म्हटलं की तेच मलाही पटतं. आणि काही सापडलं नाही तर, ऐकतेय, बोला ना! पुन्हा सापडलं नाही तर, तुमची फार आठवण येते! मी ऑफिसात हेच लिहिते. पगार घेऊन."

"पण माझ्या नातीच्या लग्नाचा बरोबर सांगल्यान! घाई नको म्हणाली."

"लग्नाचं विचारलंत म्हणून लग्नाचं वाटलं. माझ्या पप्पांनी डोळ्यांचं विचारलं, त्यांना डोळ्यांचं वाटलं. वाक्य एकच होतं. बाकीचं सगळं आपणच बोललो, मावशी. आणि आपण तरी रोज काय बोलतो? जिन्यात भेटलो की काय म्हणता, जेवलात का, बरं आहे ना. तेवढं पाठ केलं की पेटीही अर्धा तास माणूस वाटते. याहून कितीतरी हुशार यंत्रं आलीत, उद्या आणखी येतील. कामाचीही असतील. वापरा की! पण यातून तुमचं गेलेलं माणूस बोलतंय असं कुणी म्हणालं, की त्याला म्हणायचं, ठेव दोन पेट्या समोरासमोर."

सुशांत सर तेवढ्यात मोबाइल खिशात घालून दाराशी पोचले होते. जाता जाता त्यांनी मखमलीचं कापड ओढलं, तेव्हा अजित म्हणाला, "कापड न्या. ओळखपत्र दाखवून जा." सर्वांनी मिळून ते पहिल्यांदाच वाचलं. ते कुठल्याशा हॉटेलातल्या प्रदर्शनाचं निघालं, आणि त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'पाहुणे' असं छापलं होतं. चाळ सरांना हसत हसत रस्त्यापर्यंत सोडून आली आणि दारातल्या नोंदवहीत नाव असलेल्यांनी आपापली देणगी तिथेच परत मागून घेतली.

शामराव मात्र पेटीसमोरच्या खुर्चीत बसून होते. लोक त्यांच्याभोवती जमले. चेष्टा करायची कुणाची छाती होत नव्हती.

"हसा रे," तेच म्हणाले. "मला हसा. तुमचा हक्क आहे तो." मग कपाळावर हात मारून स्वतःच हसले. "सुंदरा चाळीस वर्षं माझ्या घरात होती. एकदा, एकदा तरी ती म्हणाली असेल का, तुम्हाला पटतं तेच मलाही पटतं? मी म्हटलं पूर्व, की ती म्हणायची पश्चिम! शर्टाची कॉलर, पेपर, मीठ, सगळ्यावर वाद. आणि ही पेटी लगेच माझ्या होला हो म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही माझी बायको नव्हे."

"मग कळलं कसं नाही, काका?" अजितने हळूच विचारलं.

शामराव म्हणाले, "कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून. लिंबाची मला भीती नव्हती रे, म्हणून लिंबाची सुरी दिसली. ऑपरेशनची भीती होती. सुंदरा दवाखान्यात गेली ती परत आली नाही, तेव्हापासून त्या दाराचीच धडकी भरते. मला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. पेटीने माझंच मला परत वाढलं आणि मी पाटावर बसून जेवलो." त्यांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं, आणि जयंतीच्या स्टेजवरचा आवाज परत आला. "बाबा असो की यंत्र, नारळ असो की वायर, ते माझ्या मनातलंच बोलायला लागलं की सावध व्हायचं. आवडतंय म्हणून खरं मानायचं नाही. आधी सुरी आपली लावायची. मी विसरलो. तुम्ही विसरू नका."

टाळ्या नाही वाजल्या. अजितने कॅरमबोर्ड सरळ केला आणि बोरीक पावडरीचा डबा शोधायला गेला. थोड्या वेळाने खोलीतून स्ट्रायकरचा आवाज यायला लागला.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात शामराव हिरवा झगा घालून बाकावर बसले होते. झग्याला कॉलर नव्हती, तरी त्यांचा हात सारखा गळ्याशी जात होता. आतून नाव पुकारलं गेलं. ते उठले नाहीत.

"रश्मी," ते म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

रश्मीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. काळजी करू नका, सगळं नीट होईल. किती वेळा लिहिलं होतं तिने हे वाक्य! दिवसाला हजार माणसांना जात होतं. ती थांबली. तिने पप्पांचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मलाही वाटतेय, पप्पा. खूप वाटतेय. पण आई असती तर इथे बसू दिलं असतं का तुम्हाला? उठा."

शामराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"हे त्या पेटीला नसतं जमलं," ते म्हणाले, आणि उठून स्वतःच्या पायांनी आत गेले.